पोर्तुगीज आठवड्यातला हरवलेला एक

"पोर्तुगीजमध्ये एक नंबर नाहीच आहे," मी मुत्तूला म्हणाले.

सोमवारची सकाळ होती. मुत्तू, म्हणजे मुत्तुकुमार, आमचा टीम लीड. त्यानं हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. प्रिंटर अचानक बोलायला लागला तर माणूस जसा पाहील, तसं. मला तिथे लागून पाच महिने झाले होते आणि मी आपण होऊन त्याच्या डेस्कपाशी कधीच गेले नव्हते. काही विचारायचं असलं तर मेल करायचे. तो माझ्या मागच्याच खुर्चीत बसायचा, तरी.

"काय नाही आहे, मा?" त्यानं विचारलं. चेन्नईत मुलींशी बोलताना शेवटी 'मा' लावतात. त्यात माया असते किंवा घाई असते. मुत्तूच्या 'मा'मध्ये बहुतेक घाई असायची.

"वारांचे नंबर दोनपासून सुरू होतात. एक नाही."

ही गोष्ट त्या आठवड्याची आहे. आधी आम्ही काय काम करत होतो ते सांगायला हवं.

आमचं ऑफिस चेन्नईतल्या पेरुंगुडीला होतं. बाहेर रस्ता रुंद करायचं काम चाललेलं असायचं, त्यामुळे कंपनीच्या बसमधून उतरलं की आधी तोंड धुवायचं आणि मग लॉगिन करायचं. युरोपातल्या एका क्लायंटसाठी आम्ही एका छोट्या यंत्राचं सॉफ्टवेअर बघत होतो. यंत्र म्हणजे गोळ्यांची डबी. सात कप्पे, सात झाकणं, मध्ये काडेपेटीएवढा पडदा. आजचा वार पडद्यावर दिसतो, वेळ झाली की डबी वाजते, आणि म्हातारा माणूस त्याच वाराचं झाकण उघडून गोळी घेतो. डबी श्रीपेरुंबुदूरच्या एका प्लांटमध्ये तयार होणार होती. वारांची अक्षरं झाकणांवर तिथेच छापायची होती.

ही डबी सात भाषांत निघणार होती: इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन, पोलिश आणि पोर्तुगीज. एकाच वस्तूला दुसऱ्या देशाची भाषा, तारखा आणि सवयी शिकवायच्या, या कामाला लोकलायझेशन म्हणतात. शब्द फार लांब आहे म्हणून आमच्यात त्याला 'एल टेन एन' म्हणायचे. पहिलं अक्षर एल, शेवटचं एन, मध्ये दहा अक्षरं. शब्दांची भाषांतरं क्लायंटचे ट्रान्स्लेटर पाठवायचे. मी टेस्टर. शब्द पडद्यावर मावतो का, अक्षरांच्या डोक्यावरची चिन्हं तुटतात का, आणि योग्य शब्द योग्य जागी आहे का, एवढं मी बघायचं.

यातलं शेवटचं कठीण. सातपैकी सहा भाषा आमच्या मजल्यावर कुणालाच येत नव्हत्या.

मला मात्र एक युक्ती सापडली होती, आणि ती मी कुणालाही सांगितली नव्हती.

मी चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावात, क्वार्टर्समध्ये वाढले. बाबा तिथल्या डिफेन्स फॅक्टरीत होते. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी. मराठी वार मला पाढ्यासारखे यायचे, पण नेमका 'गुरुवार' म्हणजे कोणता हे विचारलं तर मी बोटांवर मोजायचे: सोम-मंडे, मंगळ-ट्यूजडे, बुध-वेन्सडे. आई हसायची. तिचे वार पक्के होते. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवारी नखं कापायची नाहीत.

फ्रेंच फाइल उघडली तेव्हा मी तशीच बोटांवर मोजत बसले. लंदी, मार्दी, मेर्क्रदी. लंदीमध्ये लूना दिसली. लूना म्हणजे चंद्र, म्हणजे सोम. मार्दीमध्ये मार्स, रोमन लोकांचा युद्धाचा देव. मार्स हा मंगळ ग्रह आहे हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मेर्क्रदीमध्ये मर्क्युरी, म्हणजे बुध. ज्यदीमध्ये ज्युपिटर, म्हणजे गुरू. व्हांद्रदीमध्ये व्हीनस, म्हणजे शुक्र. मी पेन खाली ठेवलं. सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र. आईचे वार. एकही इकडचा तिकडे नव्हता.

मग मला राहवेना. इंग्रजी वार मी जन्मभर वापरले होते, त्यांच्या आत कोण बसलंय हे कधी पाहिलं नव्हतं. उत्तरेकडच्या लोकांनी रोमन देवांच्या जागी आपापले देव बसवले होते. मार्सच्या जागी तिव, तोही लढवय्या, म्हणून ट्यूजडे. मर्क्युरीच्या जागी वोडन, म्हणून वेन्सडे. त्या वेन्सडेतला न वाचायचा 'डी' शाळेत माझे मार्क खायचा. तो वोडनचा निघाला. गडगडाट करणाऱ्या ज्युपिटरच्या जागी हातोडीवाला थॉर. व्हीनसच्या जागी फ्रिग देवी. शनिवारी मात्र सॅटर्न तसाच राहिला. शनीला हलवायची हिंमत तिकडेही कुणाला झाली नसावी. जर्मनमध्ये गुरुवार चक्क 'गडगडाटाचा दिवस' होता, आणि बुधवारच्या देवाला काढून नुसतं 'आठवड्याचा मध्य' करून टाकलं होतं.

मी एक तक्ता केला. उभ्या ओळीत सात ग्रह, आडव्या ओळीत भाषा. शेवटी तमिळही घातली. तिंगळ म्हणजे चंद्र, सेव्वाय म्हणजे मंगळ, तिथपासून सगळं जुळलं. मुत्तू दर सेव्वायला वडपळनीच्या मुरुगनला जाऊन कपाळावर विभूती लावून यायचा. मुरुगन देवांचा सेनापती. म्हणजे मंगळवारी रोममध्ये, उत्तरेकडे आणि आमच्या टीम लीडच्या कपाळावर एकाच खात्याचा देव होता. या शोधानं मी दोन दिवस एकटीच खूश होते.

पोलिशमध्ये देव नव्हते. तिथे नंबर होते. पोलिश ट्रान्स्लेटरनं शेजारी नीट टीप लिहिली होती: व्तोरेक, म्हणजे मंगळवार, याचा अर्थ 'दुसरा'. च्फार्तेक 'चौथा', प्योंतेक 'पाचवा'. सोमवारपासून मोजायचं. सरळ हिशेब.

पोर्तुगीज शेवटी उघडली. सोमवारच्या जागी 'सेगुंदा-फेइरा', म्हणजे दुसरा. झाकणावर छापायला '2ª', दोनच्या डोक्याशी छोटासा ए. मंगळवार 3ª, असं शुक्रवारी 6ª पर्यंत. मग शनिवारला सॅब, रविवारला दोम. टीप काहीच नव्हती.

म्हणून मी उठून मुत्तूकडे गेले होते.

"पोलिशमध्ये दुसरा वार कोणता?" त्यानं विचारलं.

"मंगळवार."

"आणि यांनी सोमवारला दोन लावलाय. मोजायला चुकले. ट्रान्स्लेटरला विचारलंस?"

"मेल केला. ऑटो-रिप्लाय आला. ती दहा दिवस सुट्टीवर आहे."

"गुरुवारी झाकणं छापायला जातायत. दहा दिवस कोण थांबणार?" तो स्क्रीनकडे वळला. "एकपासून पाच कर. बग टाक, मी अप्रूव्ह करतो. गुड कॅच, मा."

त्या 'मा'मध्ये घाई नव्हती. मी जागेवर आले तेव्हा माझे कान गरम झाले होते. महिन्याभरानं माझा प्रोबेशनचा रिव्ह्यू होता. आधीच्या रिव्ह्यूमध्ये मुत्तूनं लिहिलं होतं, 'काम चोख. पण तोंड उघडायला शिकलं पाहिजे.' आता मी उघडलं होतं.

गुरुवारी अकरा वाजता राव सर माझ्या डेस्कपाशी आले. ते आर्टवर्क बघायचे, म्हणजे डबीवर आणि खोक्यावर जे जे छापायचं त्याचे नमुने. पन्नाशी पार केलेले, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घराण्यानं महाराष्ट्र सोडून तीनशे वर्षं झाली असतील. त्यांची मराठी मला जुन्या पत्रातून कुणी बोलावं तशी वाटायची, आणि चाल तमिळ. मी त्यांच्याशी बोलायला बिचकायचे. माझी मराठी तोकडी आणि त्यांची जुनी. मध्ये कुठे भेटायचं कळायचं नाही.

"काय गे मुली, सही करतेस की नाही? दोन वाजतां छापायला लागतात तिकडे. ठसा तयार आहे."

पोर्तुगीजचा कागद वर होता. 1ª, 2ª, 3ª, 4ª, 5ª, सॅब, दोम. मी सही केली. त्यांनी कागद घडी न पडता फोल्डरमध्ये ठेवला.

बारा वाजता मी कॉफी घ्यायला गेले तर ते मशीनपाशीच उभे होते. कपाकडे नाराजीनं बघत.

"ही कापी नव्हे," ते म्हणाले. "आदितवारी आमच्या घरीं ये. नंगनल्लूर. आमची मंडळी कापी करतात ती पी. मग हे पाणी सोडशील."

मंडळी म्हणजे त्यांच्या पत्नी, एवढं मला कळलं. आदितवार कळला नाही. मी तो 'आधीतवार' असा ऐकला. आधी येणारा वार. पहिला वार. विचारायची लाज वाटली, म्हणून मान डोलावली.

"सरि," ते म्हणाले. तमिळमध्ये 'ठीक'. आणि गेले.

कप घेऊन जागेवर येईपर्यंत मी मनात मोजत होते. हा आधीचा वार कोणता? यांच्या घरी जायचं म्हणजे सुट्टीचाच असणार. म्हणजे रविवार. पण रविवार तर शेवटचा. फायलीत तो सातवा आहे, कंपनीच्या कॅलेंडरमध्येही शेवटच्या रकान्यात आहे.

राव सरांच्या टेबलामागे भिंतीवर एक मोठं तमिळ कॅलेंडर होतं, किराणा दुकानात फुकट मिळतं तसलं. राहुकाळ, यमगंड सगळं त्यावर. मी तिथे थांबले. पहिला रकाना लाल. त्यावर लिहिलेलं: ज्ञायिरु. सूर्याचा वार. रविवार पहिला.

मी उभ्या उभ्या बोटांवर मोजलं. रविवार एक. सोमवार दोन. मंगळवार तीन. बुधवार चार, गुरुवार पाच, शुक्रवार सहा.

दोन, तीन, चार, पाच, सहा.

पोर्तुगीज फायलीतला एक हरवलेला नव्हताच. तो रविवार होता. त्याला वेगळं नाव होतं, म्हणून त्यावर नंबर नव्हता. ट्रान्स्लेटर चुकली नव्हती. मी तिच्या आठवड्याला पोलिश आठवडा शिकवला होता.

मग मला झाकणं दिसली. पोर्तुगालमधली एखादी आजी सोमवारी 2ª शोधेल, आणि आमच्या डबीत ते मंगळवारचं झाकण असेल. शुक्रवारी 6ª शोधेल आणि ते सापडणारच नाही. काही गोळ्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात, दुसऱ्यांदा घेतली तर माणूस आजारी पडतो. हे आम्हाला पहिल्याच दिवशी ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, आणि मी वहीत लिहून घेतलं होतं. खाली रेघ मारून.

बारा वाजून दहा मिनिटं. छपाई दोन वाजता. माझ्याकडे पुरावा काय, तर वाण्याचं कॅलेंडर.

खरं सांगायचं तर एक मिनिट मी गप्प बसायचाही विचार केला. मुत्तूनं अप्रूव्ह केलं होतं. 'गुड कॅच' म्हटलं होतं. आता जाऊन काय सांगायचं, की मी आयुष्यात एकदा तोंड उघडलं आणि तेही चुकीचं?

मी गेले.

"मुत्तू, पोर्तुगीजमधला बग हा बग नाही. माझी चूक आहे. ते रविवारपासून मोजतात असं वाटतंय."

त्यानं दोन्ही हेडफोन काढले. "वाटतंय?"

"बहुतेक नक्की."

"सोमवारी तू नक्की होतीस, मा."

"सोमवारी मी पोलिशला विचारून पोर्तुगीज ठरवलं होतं."

त्यानं हेडफोन टेबलावर ठेवले. मग म्हणाला, "प्लांट थांबवायचं तर मला कारण पाहिजे. वाटतंय हे कारण नाही. ट्रान्स्लेटरशी बोल."

"सुट्टीवर आहे."

"ऑटो-रिप्लायमध्ये नंबर नसतो?"

होता. 'तातडीचं असेल तर' म्हणून खाली दिलेला. मी सोमवारीही तो वाचला होता. फोन करावा लागेल म्हणून तातडीचं नाही असं मीच ठरवलं होतं. हे मी मुत्तूला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा सांगते आहे.

मी मीटिंग रूममध्ये गेले. मुत्तू मागून आला आणि स्पीकर चालू केला. राव सरही आले, दारात उभे राहिले. तिकडे सकाळचे पावणेआठ. फोन वाजत राहिला. अनोळखी माणसाशी इंग्रजीत बोलायचं म्हणून मी वाक्यं पाठ केली होती. ती सगळी गेली.

"हॅलो?" झोपेतला बाईचा आवाज.

"आज कोणता वार आहे?" मी म्हणाले.

मुत्तूनं डोळे मिटले.

"कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं, कंपनी सांगितली, चेन्नई सांगितलं. मग पुन्हा म्हणाले, "प्लीज, आज कोणता वार आहे?"

"थर्सडे," ती सावकाश म्हणाली. आजारी माणसाशी बोलावं तशी.

"पोर्तुगीजमध्ये सांगाल?"

"क्विंता-फेइरा."

"क्विंता म्हणजे?"

"पाचवा."

मी मुत्तूकडे पाहिलं. आमच्या झाकणावर गुरुवारी 4ª होतं. मुत्तू स्पीकरकडे झुकला आणि विचारलं, "मॅडम, मग पहिला कोणता?"

"पहिला नसतो," ती म्हणाली. आता ती जागी झाली होती. "पहिला दोमिंगो. देवाचा दिवस. त्याला नंबर कशाला? थांबा, तुम्ही माझ्या फायलीत पहिला घातलात की काय?"

मी स्पीकरजवळ सरकले. मग मी म्हणाले, "मी घातला. आज काढते."

ती हसायला लागली. तिचं नाव फिलोमेना. ती गावी आईकडे आली होती. तिनं फोन हातात धरूनच आईला ओरडून काहीतरी सांगितलं, आणि मागून एका म्हातारीचा हसण्याचा आवाज आला. "आई म्हणते, तिच्याही डबीत एक जादा दिवस घाला, तिला कामं फार आहेत."

मला एक विचारायचं होतं. मुत्तू फोन बंद करायला हात पुढे करत होता, तरी विचारलं. "तुमच्या शेजारच्या सगळ्यांच्या वारांत देव आहेत. मार्स, मर्क्युरी. तुमचे कुठे गेले?"

"आमच्याकडे फार पूर्वी एक बिशप होता म्हणतात. त्याला ख्रिस्ती माणसानं रोज जुन्या देवांची नावं घेणं पटेना. त्यानं सगळे देव काढले आणि नंबर लावले. तेव्हापासून आमचा आठवडा रेल्वेच्या डब्यांसारखा आहे."

राव सरांनी दारातूनच आपला फोन कानाला लावला होता. "निरुत्तुंग, निरुत्तुंग," ते प्लांटमधल्या माणसाला सांगत होते. थांबवा, थांबवा. मग ऐकत राहिले. फोनवर हात ठेवून आमच्याकडे वळले. "ट्रायलची एक ट्रे छापली त्यांनी. बाकी कोरी आहेत."

"एक ट्रे ठीक आहे," मुत्तू म्हणाला आणि खुर्चीत मागे टेकला. "सर, जुना ठसा आहे ना?"

"आहे तर, तंबी," ते म्हणाले. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. "दोनवाला ठसा मी टाकला नाही. पन्नास वर्षांत कळलेली एकच गोष्ट, दुरुस्ती केली म्हणजे आधीचं टाकायचं नाही."

साडेतीनला 2ª ते 6ª छापायला सुरुवात झाली. मी नव्या कागदावर सही केली. या वेळी राव सरांनी कागद लगेच उचलला नाही. "फिलोमेनेचा मेल येऊं दे," ते म्हणाले. मेल आला. त्यात एकच ओळ होती: सगळं बरोबर आहे, आणि आज अजूनही पाचवाच आहे.

मग धीर करून मी राव सरांना म्हणाले, "तुमच्यामुळे कळलं. तुम्ही आधीतवार म्हणालात ना. पहिला वार."

त्यांनी चष्मा काढला. "काय म्हणालों मी?"

"आधीतवार. आधी येतो तो."

ते इतके हसले की मुत्तू उठून आला. "आधी नव्हे गे! आदित. आदित्य. सूर्य! आदितवार म्हणजे सूर्याचा वार. तुमच्या पुण्याकडे काय शिकवतात मुलींना?"

मी पुण्याची नव्हते, आवडीची होते. पण ते सांगायच्या ऐवजी मीही हसले. सूर्याचा वार. माझ्या तक्त्यात तो पहिल्या दिवसापासून होता. सनडे, सोनटाग, ज्ञायिरु. माझ्याच भाषेत मात्र मी त्याला ओळखलं नव्हतं. चुकीच्या अर्थानं मी बरोबर उत्तराला पोचले होते. टेस्टिंगमध्ये याला 'पास' धरतात, पण कुणी अभिमानानं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मुत्तूनं माझा तक्ता मागितला आणि आमच्या टीमच्या जागेमागच्या भिंतीवर लावला. सेव्वायच्या ओळीत त्यानं स्वतःच्या हातानं मुरुगनचं नाव घातलं. खाली मी लाल पेननं एक नवा रकाना काढला: 'मोजणी कुठून?' पोलिशसमोर सोमवार, पोर्तुगीजसमोर रविवार.

आदितवारी मी नंगनल्लूरला गेले. कापी खरंच चांगली होती. मंडळींनी मला मोठा डवरा, म्हणजे कापीची खोलगट वाटी, भरून दिली आणि वेलदोडे आणायला आत गेल्या. आल्या तेव्हा त्यांच्या हातात आमची डबी होती, ट्रायलच्या ट्रेमधली. 1ª मध्ये वेलदोडे, 2ª मध्ये लवंगा, 3ª मध्ये दालचिनी. दोमचं झाकण उघडून पाहिलं तर आत काही नव्हतं.

"आदितवारी सुट्टी," राव सर म्हणाले.

महिन्याभरानं रिव्ह्यू झाला. मुत्तूनं फॉर्म माझ्याकडे सरकवला. नोकरी पक्की झाली होती. शेरा दोन वाक्यांचा होता: 'तोंड उघडते. एकाच बगसाठी दोनदा.'

बग ट्रॅकरमध्ये ती नोंद अजून असेल. कळवणारी, मी. दुरुस्त करणारी, मी. 'ही चूकच नव्हती' असा शेरा मारून बंद करणारी, तीही मीच. त्यानंतर मी पुष्कळ भाषा तपासल्या, त्यांतली एकही मला येत नाही. बोलावं, हे मुत्तूचं म्हणणं खरं आहे. फक्त आधी समोरच्याला विचारून घ्यावं, आज तुमच्याकडे कितवा दिवस आहे, आणि तुम्ही मोजता कुठून.